याद्विगाबाईंचं पोलिश

४ ऑक्टोबर, लुब्लिन

अखेर सामान लावून झालं. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खिडकीसमोर अक्रोडाचं झाड. घरमालकीण याद्विगाबाई ऐंशीच्या घरातल्या, पण कणा ताठ आणि पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. जन्मभर त्यांनी शाळेत पोलिशच शिकवलं. ब्राझीलहून पोलिश शिकायला आलेल्या माझ्यासारखीला देवानेच हे घर दाखवलं म्हणायचं.

खरं तर ते दाखवलं त्यांच्या मुलाने, वितोल्दने. तो नॉर्वेत जहाजांच्या गोदीत काम करतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या सूचनाफलकावरून त्याचा नंबर मिळाला आणि सप्टेंबरात मी घरून फोन केला. तो बराच वेळ बोलला. माझी त्या वेळची पुंजी म्हणजे पोलंडहून ब्राझीलला गेलेल्या माझ्या पणजीकडून घरात टिकून राहिलेल्या प्रार्थना, नाताळची गाणी आणि खाण्याच्या पदार्थांची नावं. तो श्वास घ्यायला थांबला की मी हो म्हणायचे. पुन्हा थांबला की पुन्हा हो. भाडं नको, एवढं मात्र नक्की कळलं. कोण कोणासाठी एवढं करतं?

घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. कपाटावर 'बशा', डब्यावर 'साखर', दारावर 'किल्ली घेतली का?', शेगडीच्या वर 'गॅस बंद'. माझ्या अभ्यासासाठी एवढी मेहनत! मी याद्विगाबाईंचे हात हातात घेऊन आभार मानले. त्या हसल्या आणि चिठ्ठ्यांकडे अशा बघायला लागल्या, जणू त्याही पहिल्यांदाच वाचतायत.

८ ऑक्टोबर

बाईंची शिकवायची रीत मला फार आवडली. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी त्या विचारतात, नाव काय तुझं, कुठली तू, भावंडं किती, वडील काय करतात. काल विचारलेलंच आज विचारतात. आधी वाटलं, ऐकू कमी येत असेल. मग उमगलं, माझ्याकडून घोटून घेतायत. चेहऱ्यावर मात्र असं कुतूहल की जणू खरंच माहीत नाही. याला म्हणतात मुरलेली शिक्षिका.

आज मी एकही चूक न करता सांगितलं: ताइना माझं नाव, पराना प्रांतातलं खेडं, दोन भाऊ, वडील तंबाखू पिकवतात.

"ताइना?" बाई म्हणाल्या. "हे नाव कॅलेंडरात नाही. मग तुझा नामदिवस करायचा कधी?" उठून, रोजच्या तारखेखाली संतांची नावं छापलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि निकाल दिला, "टेक्ला. टेक्ला म्हणेन मी तुला."

मी इथे का आले हेही सांगायचं होतं. आमच्या गावच्या शनिवारच्या शाळेत पोलिश शिकवणारे शेवटचे गृहस्थ मागच्या वर्षी वारले. मी शिकून येते आणि वर्ग चालवते, असं अख्ख्या गावाला सांगून आले आहे. पण एवढी मोठी वाक्यं अजून तोंडात बसत नाहीत.

२३ ऑक्टोबर

वर्गात फजिती. राफाऊ सरांनी टेबलावर वस्तू मांडल्या आणि नावं विचारली. कात्री उचलून मी मोठ्या आत्मविश्वासाने 'ग्झेब्येन्य' म्हणाले. बाईंनी कालच शिकवलं होतं. शिवायला बसल्या होत्या, 'ग्झेब्येन्य दे' म्हणाल्या आणि कात्रीकडे बोट दाखवलं. सगळा वर्ग खो खो हसला. ग्झेब्येन्य म्हणजे कंगवा.

सर भला माणूस. म्हणाले, "तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

असेलच. जन्मभर पोलिश शिकवलेल्या बाईंची चूक होणार आहे का?

१ नोव्हेंबर

आज सगळं शहर दफनभूमीत. बाई आणि मी शेवंतीची कुंडी आणि दिव्यांची पिशवी घेऊन ट्रॉलीबसने गेलो. आमच्याकडेही मृतांचा दिवस पाळतात, पण तिथे तेव्हा घाम गळत असतो. इथे माझी बोटं काडी ओढता ओढता बधिर झाली.

बाई बराच वेळ हिंडल्या. मग एका काळ्या दगडापाशी थांबल्या, गुडघे टेकले, हाताने पानं झाडली, दिवे लावले. खूप रडल्या. मी दगडावरचं नाव वाचलं. दुसरंच आडनाव होतं, तिथे पुरलेले दोघेही माझ्या जन्माआधीच गेलेले. मी हळूच विचारलं, हे कोण? बाई म्हणाल्या, "माझा नवरा." नवरा की नवऱ्याचे कोणीतरी, ते मला पकडता आलं नाही. इथे परक्यांच्या थडग्यांवरही दिवा लावायची पद्धत आहे असं सरांनी सांगितलं होतं. तसंच काही असेल.

परत येताना त्यांनी मला शहर पायी दाखवलं. एकाच चौकातून आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. शेवटी मीच नकाशा काढून दाखवला तेव्हा त्यांनी माझ्या गालावर थोपटलं. परीक्षाच घेत होत्या बहुतेक.

१६ नोव्हेंबर

रविवार. वितोल्दचा फोन. तो आधी आईशी बोलतो, मग माझ्याशी. आईचा आवाज फोनवर खणखणीत. हो रे, जेवले. हो, झोप लागते. तू गळ्याला मफलर बांधतोस ना? नंतर माझी पाळी. त्याचं बोलणं म्हणजे उतारावर ब्रेक सुटलेली गाडी. त्यात 'आई', 'गॅस', 'रोज' असे शब्द गर्दीत ओळखीचे चेहरे दिसावेत तसे दिसतात आणि जातात. शेवटी तो विचारतो, सगळं ठीक? हा प्रश्न मला पक्का येतो. मी म्हणते, सगळं ठीक.

आज तो थोडा थांबला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ताइना, मी बोलतो ते तुला कळतंय ना?"

मला लाज वाटली. एवढे दिवस झाले येऊन, याच्याच घरात फुकट राहते मी.

"कळतंय," मी म्हणाले.

६ डिसेंबर

आज मला बोलणी बसली. वर्गावरून आले तर घरात धूर, शेगडीवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. म्हणाल्या, घर पेटवून देशील एक दिवस. दूध ठेवतेस आणि निघून जातेस.

मी दूध ठेवलं नव्हतं. निदान मला आठवत तरी नाही. पण 'मी नव्हतं ठेवलं, मी सकाळीच बाहेर पडले होते' हे सांगायला भूतकाळ लागतो आणि माझा भूतकाळ अजून कच्चा आहे. तोंड उघडलं, क्रियापदाचा शेवट शोधत बसले, तोवर बाई निघून गेल्या होत्या. म्हणून म्हणाले, चुकलं. तेवढं नीट येतं.

पातेलं घासत बसले. घासता घासता वाटायला लागलं, ठेवलंही असेल मीच.

११ डिसेंबर

बाईंच्या नवऱ्याचं मनगटी घड्याळ सापडत नाही. त्यांनी माझी पेटी उघडून कपडे जमिनीवर टाकले. मी वर्गावरून आले तेव्हा त्या माझ्या अंतर्वस्त्रांमध्ये हात घालून बसल्या होत्या. चोर हा शब्द मला नाताळच्या एका गाण्यातून माहीत होता. आज तो पहिल्यांदा बोलण्यात ऐकला.

दार उघडं होतं. खालच्या मजल्यावरच्या ग्राझिनाबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्या मला काहीतरी विचारत होत्या. मला एकच वाक्य सुचत होतं, "मी नाही." तेच म्हणत राहिले. मुक्या जनावरासारखं वाटलं. माझ्या भाषेत मी भांडखोर आहे, आईला विचारा. इथे मी कोणीच नाही.

१२ डिसेंबर

घड्याळ सापडलं. पॅनकेक करायला पिठाचा डबा उघडला, त्यात होतं. चोरांच्या भीतीने त्यांनीच ठेवलं असणार. मी पीठ पुसून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते कानाला लावलं, हसल्या आणि मला पॅनकेकला जाम आणायला पाठवलं. कालचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मन मोठं आहे त्यांचं. मीच अजून घुश्शात आहे.

२४ डिसेंबर

वितोल्द येणार होता, आला नाही. गोदीत सुट्टी मिळाली नाही म्हणे. आम्ही दोघीच. बीटचं सूप, हेरिंग मासा, खसखस घातलेला केक. सगळं ग्राझिनाबाईंनी खालून पाठवलं, कारण बाईंनी केलेल्या सुपात मीठ इतकं होतं की तोंडात धरवेना.

इथे नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक ताट जास्त मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. आमच्या घरीही मांडतात. बाईंनी पाच जास्त मांडली. मग त्या प्रत्येक खुर्चीमागे उभ्या राहून पवित्र पापडीचा तुकडा मोडून पुढे करत गेल्या. वांदा, बहिणी, तुला आरोग्य. बाबा, तुम्हाला शांती. मला वाटलं दिवंगतांसाठीही असं करत असतील. मीही उभी राहिले. माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांनी मला जवळ ओढलं. म्हणाल्या, "आणि तू परकी असून माझ्याजवळ राहिलीस." हे वाक्य मला पूर्ण कळलं. एकही शब्द निसटला नाही. मी खूप रडले, आणि आज किती तरी दिवसांनी घरची आठवण आली नाही.

१७ जानेवारी

पहिल्या सत्राचा निकाल. मी वर्गात दुसरी. राफाऊ सर म्हणाले, एवढ्या थोड्या काळात असा कान तयार झालेला फार कमी बघितला.

पण एक गोष्ट कोणाला सांगता येत नाही. मला आता बातम्या कळतात. बेकरीतल्या बाईची तिरकस बोलणी कळतात. ट्रॉलीबसमध्ये मागे बसलेल्या पोरी कोणाबद्दल कुजबुजतायत तेही कळतं. फक्त याद्विगाबाई कळत नाहीत. ऑक्टोबरात त्यांचं जितकं कळायचं, तितकंही आता कळत नाही. शब्द ओळखते, व्याकरण ओळखते, सगळे प्रत्यय जागच्या जागी असतात. पण वाक्य संपतं आणि हाती काही राहत नाही. काल म्हणाल्या, "खिडकी आज भुकेली आहे, तिला उद्याची मुलं घाल."

मी म्हण असेल म्हणून सरांना विचारलं. त्यांनी ऐकली नव्हती. म्हणाले, जुन्या लोकांच्या तोंडी काहीबाही असतं.

म्हणजे मी परीक्षेपुरतं पोलिश शिकले. खरं पोलिश अजून माझ्यापासून लांबच आहे.

२९ जानेवारी

जिन्यात ग्राझिनाबाई भेटल्या. चोरीच्या प्रकारानंतर मी त्यांना टाळत होते. पण आज त्यांनीच पिशवी खाली ठेवून थांबवलं. याद्विगाबाईंबद्दल बोलायला लागल्या. काय दरारा होता म्हणे. या इमारतीतल्या अर्ध्या लोकांनी विभक्त्या त्यांच्याच धाकाने पाठ केल्या. "आणि आता बघ. वितोल्दने तुला आणलं ते एक बरं केलं. लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच होतं."

लक्ष ठेवायला हे कळलं. कोणी कोणावर, ते पोलिशमध्ये शब्दाच्या शेपटीवर ठरतं आणि नेमकी ती शेपटी जिन्यात खालून येणाऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यात गेली. वर येऊन विचार केला. बाईंनी माझ्यावर लक्ष ठेवायचं असं ठरलं असणार. परदेशातली एकटी मुलगी, म्हणून. माझी आई ऐकेल तर तिला बरं वाटेल.

६ फेब्रुवारी

बाई दोनदा मला वांदा म्हणाल्या. मी ओ दिली.

१३ फेब्रुवारी

काल काय झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर डोक्यात नुसता गोंधळ आहे.

काल ईस्टरच्या उपवासाआधीचा गोडाचा गुरुवार होता. शहरभर लोक बेकऱ्यांपुढे डोनटसाठी उभे होते. मीही रांगेत उभी राहून गुलाबाचा मुरंबा भरलेले घेतले, बाईंना आवडतात म्हणून. दुपारी घरी आले तर दार सताड उघडं. कोट खुंटीवर, बूट जागेवर. घरातल्या सपाता मात्र नव्हत्या.

बाहेर कडाका असा होता की श्वास घेताना नाकात टोचत होतं.

मी जिन्यावरून ओरडत खाली गेले. ग्राझिनाबाई एका बाजूला धावल्या, मी दुसऱ्या. बेकरी, चर्च, ट्रॉलीबसचा थांबा. एका माणसाला सांगितलं, म्हातारी बाई, सपाता घातलेली. तो म्हणाला, नाही बुवा. मग आणीबाणीचा नंबर लावला. पलीकडची बाई एकेक विचारत गेली. वय, उंची, अंगावर काय, आजार कोणता, आधी कधी अशा गेल्या आहेत का. शेवटच्या दोन प्रश्नांना मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "तुम्ही एकत्र राहता ना?"

मग वितोल्दला फोन केला. तो कामावर होता, मागे लोखंडावर लोखंड आपटत होतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मी तुला सप्टेंबरातच सांगितलं होतं, आईला विसर पडतो. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत जाणार. तिला एकटीला बाहेर सोडायचं नाही. तू निघताना गॅसचा कॉक बंद करायचा. काही वेगळं वागली तर त्याच दिवशी मला कळवायचं. त्यासाठी तर भाडं घेतलं नाही. तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणालीस."

मला सगळं कळलं. इतकं स्वच्छ पोलिश मला आजवर कधीच ऐकू आलं नव्हतं.

"मला तेव्हा कळलं नव्हतं," मी म्हणाले.

"काय कळलं नव्हतं?"

"काहीच."

त्याने फोन ठेवला नाही. लोखंडाचा आवाज तेवढा येत राहिला.

पोलिसांना बाई अंधार पडताना सापडल्या. त्यांची जुनी शाळा आता फर्निचरचं दुकान आहे, त्याच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. कोणीतरी आत बोलावलं तर म्हणाल्या, घंटा व्हायची आहे. पाय निळे पडले होते. आता इस्पितळात आहेत. छातीत कफ भरलाय. मला आत सोडलं नाही, मी नात्याची नाही म्हणून.

डोनट मी ग्राझिनाबाईंना देऊन टाकले.

१४ फेब्रुवारी

घरात एकटी. चिठ्ठ्या वाचत फिरते आहे. 'गॅस बंद'. 'किल्ली घेतली का?' माझ्यासाठी! माझ्यासाठी असत्या तर 'गॅस' आणि 'किल्ली' एवढंच नसतं का लिहिलं? हे ऑक्टोबरात का नाही सुचलं?

रोजचे तेच प्रश्न. कंगवा. तो काळा दगड. दूध. मी एकेक आठवते आणि प्रत्येक ठिकाणी मी शहाणपणाने मान हलवत उभी असलेली दिसते.

१७ फेब्रुवारी

वितोल्द आला. मला वाटलं होतं धिप्पाड असेल. बारका, टक्कल पडलेला, पन्नाशीचा माणूस, हाताच्या भेगांत काळं तेल. बूट काढले आणि सवयीने कपाटाखालून सपाता ओढल्या, तर त्या बाईंच्या निघाल्या. दुसरा जोड. त्या हातात घेऊन तो तिथेच स्टुलावर बसला.

बाईंच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ताप उतरतोय. त्या वितोल्दला ओळखतात, पण तो शाळेत जाणारा मुलगा आहे असं समजतात.

मी चहा केला. रात्रभर पाठ केलेलं सगळं बोलले. की माझं पोलिश तेव्हा प्रार्थनेपुरतं होतं. की मी लाजेने हो म्हणत गेले. की त्याच्या आईचं बोलणं कळेना तेव्हा मला वाटलं मीच कमी पडते. की चोर म्हणाल्या तेव्हासुद्धा मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. मला ते हवंही होतं.

त्याने चहा ढवळला, ढवळतच राहिला. मग म्हणाला, "एका रविवारी मी तुला विचारलं होतं, कळतंय का. आठवतं?"

मी म्हणाले, आठवतं.

"तू हो म्हणालीस. पण नाही कळत, हे मला तुझ्या आवाजावरून समजलं होतं. सप्टेंबरातही समजलं होतं." त्याने चमचा बशीत ठेवला. "मी म्हटलं, असू दे. घरात कोणीतरी आहे. नाहीतर मला नोकरी सोडून यावं लागलं असतं. मी फोन ठेवला आणि कामावर गेलो."

मला काय म्हणायचं ते सुचेना. भाषा आड आली नाही. पोर्तुगीजमध्येही सुचलं नसतं.

चहा पिऊन झाल्यावर तो उठला आणि घरभर फिरून नखाने एकेक चिठ्ठी काढायला लागला. ऑगस्टमध्ये त्यानेच लावल्या होत्या. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

२ मार्च

शहराबाहेर नन चालवतात तो वृद्धाश्रम आहे. तिथे जागा मिळाली. बाईंना इस्पितळातून थेट तिथेच नेलं. घरी जाऊ, घरी जाऊ म्हणत होत्या. रुग्णवाहिकेत मी शेजारी बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांना वाटायचं आता आपली गल्ली येणार.

वितोल्द परत नॉर्वेला. मी जूनपर्यंत घरात राहायचं. तो म्हणाला, रिकामं घर आणखी वाईट.

२२ मार्च

दर रविवारी जाते. आता मी त्यांच्या वाक्यांशी झगडत नाही, अर्थ शोधत नाही. केस विंचरते. त्या बोलतात आणि मी ऐकते. कधीतरी मधेच एखादं वाक्य सरळ येतं. आज म्हणाल्या, "माझ्या डोक्यात कोणीतरी फळा पुसतंय." मी कंगवा धरून तशीच उभी राहिले. काय करू मी? विचारलं, "मी काय करू, याद्विगाबाई?" खिडकीबाहेर एक कावळा होता, त्याच्याकडे बघत होत्या.

परतताना विचार आला, वर्ग सोडून घरी निघून जावं. गावाला सांगावं, नाही जमलं. मग वाटलं, मग रविवारी कोण येणार?

१० मे

अभ्यास चालू आहे. बाकी लिहिण्यासारखं नाही.

१८ जून

परीक्षा पास. तोंडी परीक्षेत विषय आला, 'माझे कुटुंब'. परीक्षक म्हणाल्या, तुमचे उच्चार जुन्या वळणाचे आहेत, फार छान, कोणाकडून शिकलात? मी याद्विगाबाईंचं नाव सांगितलं. एक परीक्षक एकदम सावरून बसले. शाळेत बाईंच्या हाताखालून गेले होते. म्हणाले, कशा आहेत आता?

मी म्हणाले, बऱ्या आहेत. खोटं बोलताना माझं व्याकरण आता चुकत नाही.

२७ जून

परवा माझं विमान. आज शेवटची भेट.

वितोल्द आलाय. घर विकलं त्याने. आश्रमाचा खर्च दुसरा कुठून निघणार होता? फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, "तू सांग तिला. माझ्याच्यानं होत नाही. तुझं ती शांतपणे ऐकून घेते." मी म्हणाले, सांगायलाच हवं का? तो म्हणाला, तिचं घर आहे, तिला न सांगता विकलं असं नको व्हायला.

बाई बागेत लिंडनच्या झाडाखाली बाकावर होत्या, काठी मांडीवर. फुलांचा वास इतका दाट की डोकं जड व्हावं. मी शेजारी बसले आणि सोप्या, लहान वाक्यांत सांगितलं. घर विकलंय. वितोल्दने विकलं. आता तुम्ही इथेच राहायचं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती नजर थेट माझ्यावर येऊन थांबली.

"कोणाला विकलं?"

"एक तरुण जोडपं आहे. त्यांना लहान मुलगी आहे."

"आणि माझी पुस्तकं?"

"वाचनालयात दिली."

"मला कोणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. "नाही विचारलं."

त्यांना कळलं होतं. सगळंच्या सगळं. मी वर्षभर जिवाचं रान केलं ते असं बोलता यावं म्हणून, की पोलिश माणसाला माझं सगळं कळावं. त्यांना ते कळत होतं आणि मला वाटत होतं, नको, आत्ता नको कळायला. त्या आवाज न करता रडल्या. वितोल्द एव्हाना झाडामागे येऊन उभा होता, पुढे आला नाही. मी रुमाल धरून बसले.

मग ननने उकडलेल्या फळांचं सरबत आणलं. बाईंनी सावकाश प्यायलं, तळाची चेरी चमच्याने काढून खाल्ली, ओठ पुसले. काठी टेकून उठल्या. म्हणाल्या, "चल पोरी, उशीर झाला. घरी जाऊ. वितोल्द शाळेतून येईल."

वितोल्द माझ्या कानाशी म्हणाला, "पुन्हा सांगायचं का?"

मी मान हलवून नको म्हटलं. बाईंना हात दिला. दुसऱ्या बाजूने त्याने दिला. आम्ही तिघं बागेच्या वाटेने फाटकापर्यंत गेलो आणि तिथून वळून परत आलो. बाई मधे. कोणाची बाग आहे, फार निगा राखलीय, असं त्या वाटेत म्हणाल्या. दारात पोचल्यावर ननने त्यांचा हात धरला. आत जाता जाता त्या थांबल्या, मागे वळल्या आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"सोबत केलीत, आभारी आहे," त्या म्हणाल्या. "फार सज्जन दिसता दोघंही."

वितोल्दने वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, इथे परक्या बाईंचं घेतात तसं.

"आमचंच भाग्य, बाई," तो म्हणाला.